न लिहिलेली शून्यं

लिनक्सवर शंभर जीबीची, पूर्ण शून्यांनी भरलेली फाइल दोन प्रकारे बनवता येते. 'डीडी' ही जुनी आज्ञा खरोखर एकेक शून्य डिस्कवर उतरवते. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या साध्या फिरत्या डिस्कवर तिला अकरा-बारा मिनिटं लागतात. 'फॅलोकेट' हीच फाइल पापणी लवायच्या आत हातात देते. दोन्ही फाइली उघडून पाहा, दोन्हींत शून्यं. दोन्ही डिस्कवर तितकीच जागा अडवतात. फरक एवढाच, की दुसरीतली शून्यं कुणी लिहिलेलीच नाहीत.

आमच्या धंद्यात, म्हणजे साठवणुकीची सॉफ्टवेअरं बनवण्याच्या धंद्यात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचं नवल वाटेनासं होतं. ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, पण लिहिलंच नाही तर वाचणाऱ्याला शून्य येतं कुठून? डिस्कवर तिथे आधीचं कुणाचं तरी काहीतरी पडलेलं असणारच ना?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "पडलेलं असतंच. कर्नल ते तुला दाखवत नाही." तिचं यावर समाधान झालं नाही, आणि होऊही नये. 'दाखवत नाही' या दोन शब्दांच्या पोटात कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, पुष्कळ अवघड कोड दडलेला आहे.

मुळात शून्यंच का हवीत? फाइल पुसली की तिचा मजकूर पुसला जात नाही. ते ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे ठरावीक मापाचे तुकडे, रिकामे झाल्याची नोंद होते, इतकंच. उद्या तेच ब्लॉक दुसऱ्या कुणाच्या फाइलला मिळतात. त्या दुसऱ्याने काही लिहायच्या आत वाचायला घेतलं, तर पहिल्याची पत्रं, पगारपत्रकं, पासवर्ड त्याच्या समोर. अनेक जण एकच यंत्र वापरायचे त्या काळापासून ही भीती आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं १९८५चं, नारिंगी मुखपृष्ठाचं संगणक-सुरक्षेचं मानक प्रसिद्धच आहे. त्यातही सी-२ या वर्गापासून पुढे अट होती, की एकाने वापरलेली साठवण दुसऱ्याला देताना पहिल्याचं काही त्यात दिसता कामा नये. म्हणून कर्नलचा शब्द असा: तू जिथे काही लिहिलेलं नाहीस, तिथे तुला शून्यच दिसेल. हा शब्द पाळायचा सरळ उपाय म्हणजे देण्याआधी सगळं शून्यांनी भरून देणं, आणि तो परवडत नाही. सगळी हुशारी तिथून सुरू होते.

पहिली हुशारी म्हणजे भोक. फाइलच्या मधल्या भागाला ब्लॉकच द्यायचे नाहीत. कुणी वाचायला आलं की नकाशात बघायचं, तिथे काही नाही, तर शून्यं हातावर ठेवायची. लांबी दाखवणारी 'एलएस' आज्ञा फाइल शंभर जीबीची सांगते आणि अडवलेली जागा दाखवणारी 'डीयू' चार केबीची, तेव्हा हेच झालेलं असतं. युनिक्सला हे फार जुन्या काळापासून येतं. पण भोकात जागेची हमी नाही. डेटाबेसने शंभर जीबी आपले समजून कारभार मांडायचा आणि साठाव्या जीबीला डिस्क भरल्याचा निरोप यायचा, हे कुणालाच नको असतं. जागा आत्ता ताब्यात हवी, भरायची नंतर.

त्यासाठी २००७ साली, लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत, फॅलोकेट हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला करायची विनंती, आला. (तो कर्नलमध्ये उतरवणारा अभियंता आयबीएमच्या भारतातल्या शाखेतला होता. इकडच्या मंडळींनाही हे फारसं ठाऊक नसतं.) त्याआधी सी लायब्ररीत याच कामाचं एक फंक्शन होतं, आणि फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेची, साथ नसेल तेव्हा ते बिचारं प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक बाइट लिहीत शेवटपर्यंत चालत जायचं. आजही साथ नसेल तर तेच करतं.

फॅलोकेट काय करतो ते सांगायला मला सातबाऱ्याइतकं चांगलं काही सापडलेलं नाही. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये त्यात पीक काय ते. जमीन तुमच्या नावावर असून बारावर 'चालू पड' अशी नोंद असू शकते. फाइल सिस्टिममधल्या अशा पड तुकड्याला 'न लिहिलेला एक्स्टेंट' म्हणतात. एक्स्टेंट म्हणजे सलग ब्लॉकांचा पट्टा: फाइलच्या अमुक जागेपासून, डिस्कच्या अमुक ब्लॉकपासून, इतके ब्लॉक. त्याच नोंदीत एक खूण, की हा पट्टा तुझा आहे, पण तू अजून काही पेरलेलं नाहीस. वाचणारा आला की कर्नल ती खूण बघतो आणि डिस्कला हातही न लावता शून्यं देतो.

ही खूण ठेवायला जागा किती लागते? एक बिट. एसजीआय कंपनीने १९९४ साली आपल्या आयरिक्स या युनिक्ससाठी आणलेल्या आणि पुढे लिनक्सवर आलेल्या एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये एका एक्स्टेंटची नोंद बरोबर १२८ बिटांची असते. फाइलमधली जागा ५४ बिट, डिस्कवरची जागा ५२ बिट, लांबी २१ बिट, आणि उरलेला एक बिट पड जमिनीचा. बेरीज करून बघा, एकही बिट वाया गेलेला नाही. अशी मांडणी बघितली की मला उगाचच बरं वाटतं.

लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमकडे असा मोकळा बिट नव्हता. तिथे लांबीला १६ बिट होते, त्यातलाच सगळ्यात वरचा बिट खुणेसाठी घेतला. त्यातून एक गंमत झाली. वरचा बिट लावून बाकी सगळे शून्य ठेवले तर अर्थ व्हायचा, 'पड जमीन, लांबी शून्य'. अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. मग तोच आकडा 'लागवडीखालची जमीन, लांबी ३२,७६८' यासाठी वापरला. म्हणजे लिहिलेला पट्टा ३२,७६८ ब्लॉकांपर्यंत जातो आणि न लिहिलेला ३२,७६७ पर्यंतच. चार केबीच्या ब्लॉकने शंभर जीबीचे होतात २,६२,१४,४०० ब्लॉक. लिहिलेल्या फाइलला त्यासाठी किमान ८०० नोंदी लागतात, न लिहिलेल्या फाइलला ८०१. एक्सएफएसला तेवढ्याच जागेला १३ नोंदी पुरतात. तीनदा आकडेमोड करूनही त्या जादा एका नोंदीचं मला हसू येतंच.

पुण्यातल्या स्टोरेजवाल्यांना यातलं काहीच परकं नाही. व्हेरिटास या कंपनीच्या फाइल सिस्टिमवर इथे बरीच वर्षं काम चालत आलं, आणि तिच्यातही असे एक्स्टेंट होते. नाव जास्त प्रामाणिक होतं: 'झीरो फिल ऑन डिमांड', मागाल तेव्हा शून्यं भरू. इथल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही 'झेडफॉड' हाच शब्द असतो.

हे झालं नव्या जागेचं. पण फाइलमध्ये आधीच मजकूर आहे आणि त्यातला एक प्रचंड पट्टा आता शून्य करायचा असेल तर? आभासी यंत्राच्या डिस्कची फाइल असते, आतला पाहुणा, म्हणजे त्या आभासी यंत्रातली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतो, माझ्या डिस्कचा हा भाग शून्य कर. यासाठी २०१४ साली ३.१५ या आवृत्तीत फॅलोकेटला 'झीरो रेंज' हा झेंडा (फ्लॅग), म्हणजे कॉलसोबत द्यायची खास सूचना, मिळाला. ऐकायला काम सोपं आहे. पट्ट्यावरची खूण फिरवायची, लागवडीखालच्या जमिनीची नोंद पड करायची, झालं. मजकूर डिस्कवर तसाच राहतो, पण यापुढे तो कुणाला दिसत नाही.

सगळी दुखणी असतात बांधावर. वापरणारा माणूस ब्लॉकांचा हिशेब करून मागणी करत नाही. तो म्हणतो, हजाराव्या बाइटपासून पुढे शंभर जीबी. पहिल्या ब्लॉकमधले ० ते ९९९ हे बाइट जिवंत आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. १००० ते ४०९५ शून्य झाले पाहिजेत. खूण संपूर्ण ब्लॉकलाच लावता येते, अर्ध्याला नाही. मग तो ब्लॉक स्मरणात आणायचा, त्याचा मागचा भाग खरोखर शून्य करायचा आणि पुन्हा लिहायचा. शेवटच्या टोकालाही तेच. शंभर जीबी शून्य करताना खऱ्याखुऱ्या लिहिलेल्या शून्यांची संख्या दोन ब्लॉकांहून, म्हणजे आठ केबीहून कमी भरते. बाकी सगळी कागदोपत्री. आणि कोड मात्र निम्म्याहून जास्त त्या आठ केबींच्या काळजीचा.

क्रमालाही फार महत्त्व आहे. आधी फाइलला कुलूप. मग डिस्ककडे थेट निघालेली जुनी लिखाणं पोचेपर्यंत थांबायचं. मग पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नलच्या स्मरणात ठेवलेल्या प्रतींमध्ये, त्या पट्ट्याची जी पानं असतील ती काढून टाकायची, आणि कुणी ती पुन्हा आणू नये म्हणून तो दरवाजाही काही काळ बंद ठेवायचा. त्यानंतर नोंद बदलायची. हे उलटं झालं तर नोंदीत शून्य आणि स्मरणात जुना मजकूर, असा प्रकार होतो. वाचणाऱ्याला आज जुनं दिसेल आणि दुपारी मेमरी कमी पडून ते पान बाहेर गेलं की शून्य. अशी चूक चाचणीत सापडत नाही. गिऱ्हाइकाकडे सापडते, तीही सुट्टीच्या दिवशी.

पट्टा मोठा असला की आणखी एक अडचण. नोंदीतला प्रत्येक बदल आधी जर्नल नावाच्या वहीत जातो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कारभार अर्धवट राहत नाही. पण जर्नल बेताचं असतं. एक्स्टेंटचं झाड तुकडे-तुकडे झालेलं असेल तर शंभर जीबीत हजारो नोंदी निघतात, त्या एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बसत नाहीत. मग थोडे एक्स्टेंट, व्यवहार पुरा, पुढचे थोडे. मध्ये यंत्र बंद पडलं तर अलीकडचा भाग शून्य आणि पलीकडे जुना मजकूर असं राहू शकतं. ते चालतं. न चालणारी गोष्ट एकच: कुणा तिसऱ्याचा मजकूर दिसणं.

एक्सएफएसने इथे वेगळा रस्ता धरला, आणि मला तो जास्त आवडतो. ते जागच्या जागी खूण फिरवत बसत नाही. आधी त्या पट्ट्याला भोक पाडतं, सगळे ब्लॉक परत करतं, आणि मग त्याच ठिकाणी नवे, न लिहिलेले ब्लॉक मागून घेतं. वरवर हा द्राविडी प्राणायाम वाटतो. त्याची कारणं कोडमधल्याच एका टिपणात दिलेली आहेत. एक, भोक पाडणारा कोड टोकांची अर्धवट शून्यं आधीच नीट करतो. दुसरं कारण जास्त देखणं आहे. नवे ब्लॉक मागताना डिस्कवर जागा उरली नसेल, तरी पट्टा शून्यच वाचला जातो, कारण भोकही शून्यच असतं. काम अर्ध्यावर फसलं तरी दिलेला शब्द मोडत नाही. अपयश कुठल्या बाजूला कलंडेल याचा विचार करून लिहिलेला कोड फार थोडा वाचायला मिळतो.

स्मरण आणि नोंद यांच्यातली सगळ्यात चिवट गाठ मात्र वेगळीच आहे. समजा, एका पड पट्ट्यात कुणी आत्ताच लिहिलं. ते लिखाण अजून पेज कॅशमध्येच आहे, डिस्कवर उतरलेलं नाही, म्हणून नोंदीत पट्टा पडच. आता कर्नलला सांगितलं, हा भाग शून्य कर. शून्य करणारा कोड नोंद बघतो: पड आहे, म्हणजे आधीच शून्य, सोडून द्या. आणि पुढे निघून जातो. काही सेकंदांनी स्मरणातलं ते ताजं लिखाण आरामात डिस्कवर उतरतं, आणि पुसायला सांगितलेला मजकूर फाइलमध्ये हजर. यावर आडदांड उपाय म्हणजे आधी सगळं डिस्कवर ढकलून द्यायचं, मग नोंद बघायची. तो बरोबर आहे, पण जिथे ढकलण्यासारखं काहीच नव्हतं तिथेही तो थांबवतो. २०२४ मध्ये कर्नलच्या 'आयओमॅप' या सामाईक थरात या पड पट्ट्यावरच्या ताज्या पानांचा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला, आणि त्यानंतर विचार गेला तो नेमकी तीच पानं शोधून तेवढीच शून्य करण्याकडे. पड पट्ट्याची खूण एक्सएफएसमध्ये दोन दशकांहून जास्त जुनी आहे, आणि तिच्यावरचे हे कोपरे अजून घासले जात आहेत.

शून्यांनी एक्सएफएसला बदनामही खूप केलं. एक्सएफएस वापरणारी जुनी माणसं अजून सांगतात, की वीज गेली आणि परत आल्यावर फाइली शून्यांनी भरलेल्या मिळाल्या. त्याचं कारण होतं: फाइलची नवी लांबी जर्नलमधून डिस्कवर पोचायची, मजकूर मात्र अजून स्मरणातच. वीज गेली की लांबी राहायची, ब्लॉक नसायचे, म्हणजे भोक. लोक म्हणायचे, एक्सएफएसने आमच्या फाइलीत शून्यं लिहिली. त्याने काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि तोच गुन्हा होता. २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत मजकूर पोचल्यावरच लांबी वाढवायची असा बदल झाला आणि प्रकार थांबला. कुप्रसिद्धी पुढे कित्येक वर्षं पुरली. मला त्यात एक्सएफएसची बाजू घ्यावीशी वाटते: मजकूर गेला हे वाईटच, पण त्या जागी दुसऱ्याचा मजकूर दिसला नाही.

तो दिसला तरी चालेल, असं म्हणणारेही झाले. २०१२ मध्ये ईएक्सटी४साठी एक झेंडा सुचवला गेला: जागा द्या, पण खूण लावू नका, जुनं दिसलं तर दिसू दे. त्यामागे गूगलसारख्या मोठ्या कंपन्यांची गरज होती. त्यांच्या डेटा सेंटरमध्ये डिस्क एकाच विश्वासू प्रोग्रामच्या ताब्यात, जुना मजकूरही त्याचाच, आणि पहिल्या लिखाणावेळी पडची लागवड करण्याचा जर्नलचा खर्च त्यांना दिसत होता. जोरदार वाद झाला. मुख्य कर्नलमध्ये ती सोय आलीच नाही, फक्त तिच्यासाठी एक आकडा राखून ठेवला गेला, म्हणजे ज्यांनी घरी वापरली त्यांची दुसऱ्या कशाशी टक्कर होऊ नये. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा. एकाच्या बंदिस्त वाड्यात ठीक आहे ते सगळ्यांच्या हाती दिलं की कुणीतरी गतीच्या लोभाने ते बँकेच्या सर्व्हरवर लावणारच. तरी त्यांचा मुद्दा खोटा नव्हता हेही खरं.

कारण न लिहिलेल्या शून्याचा खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. पड पट्ट्याच्या मधोमध चार केबी लिहिले की एका नोंदीच्या तीन होतात: अलीकडे पड, मध्ये लागवड, पलीकडे पड. तो बदल जर्नलमध्ये. डेटाबेसने दर लिखाणामागे 'डिस्कवर पोचलं का' असं विचारलं की तो बदलही पोचेपर्यंत थांबावं लागतं. इथे ईएक्सटी४चा एक व्यवहारी स्वभाव दिसतो. उरलेला तुकडा लहान असेल, साधारणपणे ३२ केबीपर्यंत, तर ते वेगळी पड नोंद ठेवण्याच्या फंदात पडत नाही, सरळ शून्यं लिहून मोकळं होतं. आळस कामापेक्षा महाग पडायला लागतो ती सीमा कुणीतरी आकड्यात लिहून ठेवलीय, आणि ती बदलताही येते.

मग शून्यं डिस्कनेच लिहावीत, हा पुढचा विचार. एनव्हीएमई पद्धतीने जोडलेल्या वेगवान डिस्कला 'इतक्या जागेत शून्यं कर' एवढाच हुकूम देता येतो, शून्यं तारेवरून पाठवावी लागत नाहीत. हुकुमातला लांबीचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३६ ब्लॉक. ५१२ बाइटांच्या ब्लॉकने ३२ एमबी. शंभर जीबीला ३,२०० हुकूम. 'ट्रिम' ही वेगळी चीज, तिच्यावर भिस्त ठेवू नये. ती फक्त सांगते, की ही जागा मला नको. नंतर तिथे शून्य वाचलं जाईलच असं नाही. काही डिस्का तसा दावा करायच्या. कर्नलने २०१७ मध्ये त्या दाव्यावर विसंबणंच सोडलं. ट्रिमनंतर शून्य मिळेल का, या चौकशीला तेव्हापासून ठरलेलं उत्तर मिळतं: नाही.

आणि २०२५ मध्ये, ६.१७ या आवृत्तीत, फॅलोकेटला 'राइट झीरोज' हा नवा झेंडा आला. पडची खूण नको, पट्टा पहिल्यापासूनच लिहिलेला म्हणून नोंदवा आणि शून्यं खरोखर असू द्या. डेटाबेसवाल्यांना हवं होतं ते हेच: पुढे प्रत्येक लिखाणाला नोंद बदलायचा भुर्दंड नको. अठरा वर्षं न लिहिण्याची कला कमावल्यावर कर्नलमध्ये लिहिण्याची आज्ञा आली.

पण ती पुरी कशी होते ते बघण्यासारखं आहे. चांगली एसएसडी, म्हणजे चिपवाली, न फिरणारी डिस्क, हा हुकूम मिळाल्यावर पेशींमध्ये शून्यं कोरत बसत नाही. तिच्या आत तिचा स्वतःचा नकाशा असतो, कुठला ब्लॉक कुठल्या पेशीत. ती नकाशातली ती नोंद मोकळी करते, आणि वाचायला आलं की शून्य परत करते. म्हणजे पडची खूण एक मजला खाली उतरली, कर्नलच्या जर्नलमधून डिस्कच्या पोटात, आणि तिथल्या कोपऱ्यांची काळजी आता डिस्क बनवणाऱ्याच्या गळ्यात. ज्या डिस्कला हे जमत नाही तिच्यावर ईएक्सटी४ ही आज्ञा घेतच नाही. 'हे इथे होत नाही' असा निरोप देऊन कॉल लगेच परत येतो. मग खरी शून्यं लिहीत बसायचं की नाही, हे वरच्या प्रोग्रामने ठरवायचं.